कातरीचे डाग आणि माझं पिवळं पत्रक

डॉल्फिन दिसला की तुम्ही मोबाइल वर करता, पोराला खांद्यावर घेता, शिट्टी वाजवता. त्याच्या कातडीकडे कधी पाहिलंत का?

मीही पाहिलं नव्हतं. आमच्या गावातल्या डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींवर मी या हंगामापासून फोटो काढते. महिन्यापूर्वी एका सकाळी कातरी वर आली. कातरी म्हणजे खाडीच्या तोंडाशी वावरणारी मादी. तिच्या पाठीवरच्या पराला कात्रीने कापल्यासारख्या दोन खाचा आहेत, म्हणून बोटवाल्यांनी हे नाव दिलं. तिला लागून तिचं पिल्लू होतं. घरी येऊन फोटो मोठा केला तर पिल्लाच्या कुशीवर राखाडी-काळे चट्टे. कडा वेड्यावाकड्या, आत टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. कुणीतरी शाई सांडली आणि पुसायची राहिली, तसे.

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. माझे वडील मच्छीमार सोसायटीची पत्रकं लिहायचे. मी मुळाक्षरं त्यांच्या कच्च्या कागदांच्या पाठीवर गिरवली, त्यामुळे राग आला की माझा हात आधी कागदाकडे जातो. पिवळ्या कागदावर छापलं: ‘कंपनीच्या नाल्याने डॉल्फिन भाजले.’ खाडीच्या वरच्या अंगाला एक कंपनी आहे, तिच्या नाल्याला वास येतो, हे खरं. पण ‘भाजले’ हे मी कुठून आणलं, असं मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

माझी मागणी बोटवाल्यांकडे होती. पिल्लू अंगावर आहे तोवर कातरीला घेरू नका, तिच्यामागे इंजिनं लावू नका. बोट संघटनेचे अध्यक्ष गणूकाका यांनी माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं.

"तूच लिवलंस ना, कंपनीनं भाजले? मग जा, कंपनी बंद कर. आमची इंजिनं कशाला बंद करतेस?"

रविवारी सभा ठरली. त्या आधी मला कळायला हवं होतं की ते डाग कशाचे आहेत. म्हणून चिंचवडला निघाले. तिथे डॉ. पानसे राहतात. या बाई जनावरांच्या डॉक्टर, आता निवृत्त. किनाऱ्याला लागलेले मेलेले डॉल्फिन आणि देवमासे तपासण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. फोनवर म्हणाल्या, "मोबाइलवर पाठवू नकोस. मोबाइल फोटो चुरगाळून पाठवतो. मूळ फाइल घेऊन ये."

गुरुवारी पहाटेची एसटी धरली. कॅमेऱ्याचं कार्ड रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या आत ठेवलं होतं आणि दर वळणावर ते आहे ना, हे चाचपत होते. ताम्हिणीत बस लागली म्हणून शेजारच्या बाईंनी आवळासुपारी दिली. घाट संपला, मुळशीचं पाणी मागे पडलं, आणि हळूहळू हवेतला ओलावा गेला. आमच्याकडे हाताला हवा चिकटते. इथे ओठ कोरडे पडले. दुपारी चिंचवडला उतरले तर अर्धी शटरं बंद. मला वाटलं, काहीतरी झालंय.

"बंद नाही हो, गुरुवार आहे," रिक्षावाले म्हणाले. "इथं लाइट गुरुवारची सुट्टी घेते, म्हणून कारखाने पण घेतात. फार वर्षांपासून."

डॉ. पानसे जुन्या गावठाणाजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा कार्ड मागितलं, मग पाणी दिलं. मी वरणभात जेवत होते आणि डॉ. पानसे पडद्यावर पिल्लाची कूस इतकी मोठी करून बघत होत्या की फक्त राखाडी रंग दिसत होता.

"भाजलंय का?" मी विचारलं.

"भाजलेली कातडी अशी नसते. भाजलं की सोलून निघतं, कडा सुजतात. हे बघ, रेषा ठळक आहे, आत ठिपके आहेत. हा गोंदणासारखा दिसणारा रोग आहे, देवी रोगाच्या कुळातल्या विषाणूचा. डॉल्फिनला होतो, दात असलेल्या इतर देवमाशांनाही होतो. नक्की सांगायचं तर कातडीचा तुकडा लागेल, आणि तो आपण जिवंत पिल्लाचा घेणार नाही. पण फोटोवरून मी तुला ‘बहुधा’ लिहून देईन."

"बहुधा?"

"बहुधा. तुझ्या पत्रकात हा शब्द नव्हता वाटतं." त्यांनी ते पिवळं पत्रक वाचलं होतं. मीच पाठवलं होतं.

मी विचारलं, पिल्लू मरेल का. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. पुष्कळ जनावरं यातून उठतात, म्हणाल्या. डाग महिनोन्‌महिने राहतात, फिकट होतात, जातात. पण लहान पिल्लाचं तसं नसतं. आईला हा रोग पूर्वी होऊन गेला असेल तर तिच्याकडून पिल्लाला थोडं संरक्षण मिळतं, असा जाणकारांचा अंदाज आहे. आईला कधी झालाच नसेल तर पिल्लू उघडं.

"म्हणून मला सांग, ही कातरी दोन वर्षांपूर्वी कशी दिसत होती?"

मला माहीत नव्हतं. माहीत असणारा माणूस एकच होता. संदेश. आमच्याच वाडीतला, माझ्याआधी दोन हंगाम त्याने बोटीवर फोटो काढले, मग मागच्या पावसाळ्यात चाकणला मोटारींच्या कंपनीत लागला. त्याला फोन केला. "कातरीचे सगळे जुने फोटो हवेत. उद्याच."

"आणतो की. पेन ड्राइव्हमध्ये आहेत. पहिली शिफ्ट आहे माझी, साडेतीनला गेटवर ये. लंच टाइमात बाहेर सोडत नाहीत, कैदी आहोत आम्ही."

शुक्रवारी सकाळी अकराला निघाले. डॉ. पानसे म्हणाल्या, साडेतीनचं काम आहे, अकराला कशाला? मग स्वतःच म्हणाल्या, चाकण म्हणजे अकरालाच नीघ. बस निगडीवरून तळवड्याला आली. एका अंगाला काचेच्या इमारतींमधून गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं-पोरी चहाला उतरत होती, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमधून लोखंड कापल्याचा आवाज. पुढे रस्ता थांबला. मोटारी लादलेले लांबलचक ट्रक एकामागे एक उभे, त्यांच्यामधून दुचाक्या निघताहेत, बसच्या खिडकीतून धूळ आत. एका ट्रकवर आठ नव्या मोटारी होत्या, सगळ्यांच्या अंगावर पांढरं प्लास्टिक. इतक्या जवळून मी नवी मोटार कधी पाहिली नव्हती. एकही ओरखडा नाही.

चाकणच्या अलीकडे मी चुकीच्या ठिकाणी उतरले. इथे पत्ता गावाने सांगत नाहीत, गेटने सांगतात, हे मला ठाऊक नव्हतं. सहा आसनी रिक्षाच्या चालकांना कंपनीचं नाव सांगितलं तर ते हसले.

"तिचे गेट चार हायेत, ताई. मटेरिअलचं, कामगारांचं, साहेबांचं, आन एक बंद असतंय. तुमाला कुठलं?"

"कामगारांचं."

"मग आसं म्हना की. बसा. आमची जमीन व्हती तितंच, त्या गेटच्या आत. आता मी गेटापातुर जातो, आत न्हाई." ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. स्टॉपचं नाव सांगावं तसं सांगत होते. मी पिशवीतून वही काढली, मग परत ठेवली. त्यांचं नावही विचारलं नव्हतं आणि मनात मथळा तयार झाला होता.

गेटसमोर टपऱ्यांची रांग. साडेतीनला भोंगा नाही, फक्त माणसांचा लोंढा. करड्या गणवेशातले शेकडो, बहुतेक जण चालता चालता मोबाइल सुरू करणारे. संदेश जाड झाला होता. आल्या आल्या त्याने वडापाव सांगितले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "काय गं वर्षा, समुद्र आटला का?"

मी पिल्लाचा फोटो दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला. बोटांनी चित्र मोठं केलं, मोबाइल तिरका केला, पुन्हा सरळ केला. उजेडाला धरून कडेने पाहिलं.

"वरचं नाही हे. आतून आलंय," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

मग त्याने त्याचं काम सांगितलं. रंगखात्यातून आलेली मोटार एका बोगद्यातून जाते. दोन्ही बाजूंना आणि वर ट्यूबलाइट, पट्ट्यापट्ट्यांनी. चकचकीत पत्र्यावर त्या पट्ट्या उमटतात. जिथे पट्टी वाकडी दिसेल तिथे दोष. धुळीचा कण, खड्डा, ओघळ. हातमोजा घातलेला तळवा फिरवायचा, मेणाच्या पेन्सिलीने गोल करायचा, पुढच्या माणसाने घासून, पॉलिश करून तो काढायचा. त्याला म्हणतात रिवर्क (दुरुस्त करून पुन्हा पास केलेला माल). जो सुधारत नाही तो एनजी (नापास माल).

"दिवसभर डागच बघतो मी. घरी आलो तरी रूममेटच्या शर्टवर दिसतात. तो म्हणतो, राव, मला पण एनजी कर एकदाचा, गावाकडे पाठव."

त्याने पेन ड्राइव्ह दिला. बस यायला वेळ होता, त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं. जाताना म्हणाला, "बघ, एक नंबर फोटो आहेत. गणूकाकांना कॅलेंडर करून देणार होतो." मी त्याचे आभार मानले. परतीच्या दोन तासांत पेन ड्राइव्ह मुठीतून सोडला नाही.

डॉ. पानसेंनी तो लावला. कातरी आली. दोन खाचा स्पष्ट. पाठ निळसर राखाडी, स्वच्छ. दुसरा फोटो, स्वच्छ. दहावा, विसावा, स्वच्छ. आईला कधी रोग झालाच नव्हता. म्हणजे पिल्लू उघडं होतं.

डॉ. पानसेंनी पहिला फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "हा डॉल्फिन नाही."

"कातरीच आहे. खाचा बघा ना."

"खाचा तिच्या आहेत. कातडी तिची नाही. डॉल्फिन एकमेकांना दातांनी ओरबाडतात, त्यांच्या अंगावर रेघा असतातच. या जातीला वय वाढलं की साधे ठिपकेही येतात. इथे एक रेघ नाही. अशी कातडी फक्त नव्या मोटारीला असते."

मला तो प्लास्टिकमधल्या मोटारींचा ट्रक आठवला. मी तिथूनच संदेशला फोन लावला. तो कंपनीच्या बसमधून नुकताच काळेवाडीत उतरला होता. तो इथे नदीपलीकडेच राहतो, हे मला तेव्हा कळलं.

"संदेश, तू फोटोंना काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? डाग काढले. डागासकट पीस पुढे कसा पाठवायचा? कॅलेंडर होतं ना. एकेका फोटोला रविवार घालवलाय मी."

मी खुर्चीत बसले. मला ओरडायचं होतं. माझ्या आत एक अख्खं पत्रक तयार होत होतं, मथळ्यासकट. पण त्याने मला फसवलं नव्हतं. त्याने त्याच्या परीने उत्तम माल दिला होता.

"मूळ फोटो पुसलेस?" मी विचारलं.

"पुसेन कसा? वेडी आहेस का? रिवर्कच्या आधीचा फोटो ठेवायचा असतो, चिठ्ठी लावून. नाहीतर सुपरवायझर पीस हलवू देत नाही. लॅपटॉपमध्ये आहेत सगळे. तू मागितले नाहीस."

मी ‘सगळे जुने फोटो’ मागितले होते. त्याच्या लेखी नापास माल त्यात येत नव्हता.

डॉ. पानसेंनी चपला घातल्या. रिक्षाने पवना ओलांडून काळेवाडीला गेलो. पुलावरून खाली पाहिलं तर पाण्यावर फेसाचे पुंजके तरंगत होते. माझी जीभ वळवळली. डॉ. पानसेंनी ते बघितलं असावं. "लिही," म्हणाल्या, "पण आधी हे पाणी तपासायला बाटलीत भर."

संदेशची खोली दुसऱ्या मजल्यावर, किराणा दुकान आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर. रूममेट बालाजी, लातूरकडचा, स्टोव्हवर खिचडी टाकत होता. एवढ्या वयाच्या डॉक्टरीणबाई दारात बघून त्याने घाईघाईने गादीवरचे कपडे उचलले.

"बसा मावशी. याला काही झालंय का? मी म्हणतच होतो, डोळे तपासा याचे. काल वरणात डाग दिसला म्हणे. मोहरी होती ती."

लॅपटॉप जुना, उघडायला मिनिटभर घेणारा. पडद्यावर एक फोल्डर होता, नाव ‘लाल पेटी’. कंपनीत नापास माल लाल पेटीत कुलूप लावून ठेवतात, म्हणून. आत कातरी होती. खरी कातरी, दातांच्या रेघांसकट, ओरबाडलेली, ठिपक्यांची. आणि दोन हंगामांपूर्वीच्या फोटोंत, पराच्या मागे, तेच गोंदण. काळं, वेड्यावाकड्या कडेचं. पुढच्या हंगामाच्या शेवटी त्याच जागी फक्त फिकट कडं.

डॉ. पानसे पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. प्रत्येक फोटोच्या नावात संदेशने चिठ्ठी लिहिली होती: तारीख, वेळ, डावी बाजू की उजवी, पराच्या पुढे की मागे, किती डाग, कसले. काळा. फिकट. ओरखडा.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कंपनीनं. दोष कुठे आहे ते लिहिलं नाही तर पुढच्या माणसाला सापडत नाही."

"माझ्या हाताखाली शिकलेल्यांनी असं टिपण ठेवलं असतं, तर माझं आयुष्य चार वर्षांनी वाढलं असतं," डॉ. पानसे म्हणाल्या. बालाजी हसला, संदेश लाजला. मग मी विचारलं तेव्हा तोही ऐकायला वळला. कातरीला रोग होऊन गेला होता. मग धोका टळला का?

"नाही," डॉ. पानसे म्हणाल्या. "म्हणजे आईने याला थोडं काही दिलं असावं. ते आता ओसरतंय, म्हणून डाग आले. पिल्लाला संधी आहे, एवढंच. ती त्याने दूध पिऊन, पोहून, आईच्या कुशीत राहून कमवायची. दर तासाला दोन बोटी मागे लागल्या तर ते दूध कधी पिणार?"

"आणि नाला?"

"घाण पाण्याने अंग कमकुवत होत असेल, तर रोगाला सोपं जातं. होत असेल. पाणी तपासून घे. या फोटोतून मला नाला दिसत नाही. तुलाही दिसत नव्हता."

संदेशने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मी हे डाग दोन वर्षं बघत होतो, वर्षा. मला वाटलं फोटो खराब येतोय." त्याने लाल पेटी अख्खी उतरवून दिली. बालाजीने आम्हाला खिचडी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. वर शेंगदाण्याची चटणी, झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारी. बरं झालं.

शनिवारी डॉ. पानसेंचं टिपण घेऊन परतले. एका पानात सहा वेळा ‘बहुधा’. बसमध्ये मी माझं पत्रक पुन्हा वाचलं. मीही रिवर्कच केला होता. माझ्यापुढे एक अर्धवट कळलेली गोष्ट होती, ठिपक्यांची, शंकांची. ती मी घासली, चकचकीत केली आणि लोकांना दिली. संदेशने निदान मूळ प्रत ठेवली होती. मी कुठलीच ठेवली नव्हती.

रविवारी सभेत आधी टिपण वाचलं, मग संदेशचे फोटो भिंतीवर दाखवले. मग म्हटलं, ‘भाजले’ हे मी न तपासता लिहिलं होतं.

गणूकाका उठले. "म्हणजे खोटं लिवलंस."

"हो. मला खोटं लिहायचं नव्हतं, पण लिहिलं."

मला वाटलं आता सभा संपली. गणूकाका भिंतीवरच्या कातरीकडे बघत उभे राहिले. "हे डाग मी बगितलेत," ते म्हणाले. "तेव्हा वाटलं, वय झालं तिचं." ते खाली बसले. ठरलं ते असं: होळीपर्यंत कातरी दिसेल तिथे इंजिन बंद, लांब थांबायचं, पिल्लू असेल तर वळायचं. होळीनंतर पुन्हा बघू. चार बोटवाल्यांनी हात वर केले नाहीत. नाल्याचं पाणी तपासायला द्यायचा अर्ज मी लिहिणार आहे, आणि त्यात एकही विशेषण घालणार नाही.

सभेनंतरच्या सकाळी कातरी दिसली. एकटी. दुसऱ्या दिवशी लाटा होत्या. तिसऱ्या दिवशी तिच्यामागे काहीतरी लहान वर आलं आणि गेलं. माझ्या फोटोत नुसतं पाणी आहे. तो फोटो मी ठेवलाय. तारीख, वेळ, ‘बहुधा’ असं लिहून.

तुम्ही यंदा आमच्या किनाऱ्यावर आलात आणि डॉल्फिन दिसला, तर बोट लांब ठेवायला सांगा, हात लावू नका, आणि फोटो सजवू नका. डाग, ओरखडे, धूसर, जसा आला तसा ठेवा, तारीख आणि वेळ लिहा, बंदरावरच्या बोट संघटनेच्या टेबलावर उतरवून द्या. दोन खाचांचा पर दिसला तर आजच द्या.

आणि ज्यांच्या घरी, दुकानात, टपरीच्या फळीवर माझं ते पिवळं पत्रक अजून आहे, त्यांनी ते फेकू नका. पेन घ्या. मथळ्यातल्या ‘कंपनीच्या नाल्याने’ आणि ‘भाजले’ या शब्दांवर एकेक रेघ मारा, खालचे शब्द वाचता येतील अशी. बाजूला लिहा: ‘आजारी आहेत, कारण तपासतोय.’ मग ते पुढच्या माणसाला द्या.